385 किलोमीटर : दोन गावांमधल्या अंतराचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींनी मला फोन केला. ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे उत्तर ध्रुवाजवळच्या गावांचं काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. निवृत्त झाल्यापासून मला नकाशे घेऊन बसायची सवय लागली आहे. एका दुपारी सहज म्हणून मी कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाकडची दोन गावं शोधली आणि त्यांच्यातलं हवाई अंतर काढायला बसलो. एका गावाचं नाव रेझोल्यूट, दुसऱ्याचं ग्रीस फ्योर्ड. उत्तर आलं सुमारे 385 किलोमीटर. मग मनात आलं, इतक्या उत्तरेला ही दोन गावं आहेतच कशाला? तिथे माणसं पोचली कशी? ते शोधता शोधता मी ज्या इतिहासात जाऊन पडलो, तो आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

आधी हिशेब पुरा करू. रेझोल्यूट साधारण 74.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, ग्रीस फ्योर्ड 76.4 अंशावर. म्हणजे दक्षिणोत्तर फरक 1.7 अंशांचा. एका अंशाला सुमारे 111 किलोमीटर धरले तर हे झाले 190 किलोमीटर. आता पूर्व-पश्चिम. दोघांच्या रेखांशांत 12 अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर 12 अंश म्हणजे तेराशे किलोमीटरच्या वर. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ सरकत जातात, संत्र्याच्या फोडींच्या कडा देठापाशी येतात तशी. तेवढ्या उत्तरेला तेच 12 अंश भरतात फक्त 335 किलोमीटर. 190 आणि 335 या काटकोनाच्या दोन भुजा समजा आणि शाळेतला पायथागोरस आठवा. कर्ण येतो 385. काटेकोर हिशेब बृहद्वृत्तावरून करायचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये ताणून धरलेल्या दोऱ्यावरून. पण इथे उत्तर जवळपास तेच मिळतं.

शाळेच्या भिंतीवरचा जो मर्केटर पद्धतीचा नकाशा आपण पाहत मोठे झालो, त्याच्यावर मात्र हे अंतर मोजू नका. पंचाहत्तर अंशांच्या आसपास तो नकाशा जमिनीला जवळजवळ चौपट ताणतो. या दोन गावांमध्ये दीड हजार किलोमीटर असावेत असं त्यावर वाटतं. प्रत्यक्षात ते पुणे-गोवा हवाई अंतराहून थोडंच जास्त आहे. ट्विन ऑटर नावाचं छोटं दोन पंख्यांचं विमान हे अंतर दीड तासात कापतं.

म्हणजे फार लांब नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं.

आता ही गावं पाहू. रेझोल्यूट कॉर्नवॉलिस बेटावर आहे. 2021च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 183 होती. ग्रीस फ्योर्ड एल्समेअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यातल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. तिथे माणसं 144. ग्रीस हे नाव नॉर्वेच्या ओटो स्वेरद्रुपने दिलं. 1898 ते 1902 या काळात त्याने ‘फ्राम’ जहाजातून या भागाची पाहणी केली. ‘ग्रीस’ म्हणजे डुक्कर. तिथल्या वॉलरसांचे आवाज त्याला डुकरांसारखे वाटले म्हणून हे नाव, असं सांगतात. आपली पाळंमुळं नसलेल्या जागेला माणूस कसंही नाव देऊ शकतो.

इनुइट लोकांनी, ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत आणि आता तसं म्हणणं बरं समजलं जात नाही, त्यांनीही या दोन जागांना नावं दिली आहेत. रेझोल्यूटला ते म्हणतात कौसुइत्तुक, म्हणजे जिथे पहाट होत नाही ती जागा. ग्रीस फ्योर्डला म्हणतात औयुइत्तुक, म्हणजे जिथलं बर्फ कधी वितळत नाही ती जागा. ही नावं ऐकून माझ्या मनात शंका आली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जागेला माणूस असं नाव देईल का? ज्याचं लहानपण पहाट होणाऱ्या मुलखात गेलं, त्यालाच ‘इथे पहाट होत नाही’ हे नाव सुचणार. ही नावं बाहेरून आलेल्यांची वाटतात. आणि इथे राहायला आलेली माणसं खरोखरच बाहेरून आलेली होती. आणलेली होती, असं म्हणणं जास्त बरोबर.

ती आली इनुक्जुआकहून. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरचं, क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागातलं हे गाव. त्या वेळी त्याला पोर्ट हॅरिसन म्हणत. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा रॉबर्ट फ्लाहर्टीचा 1922 सालचा मूकपट तुमच्यापैकी फिल्म सोसायटीवाल्यांनी पाहिला असेल. त्याचं चित्रीकरण याच परिसरात झालं. तिथल्या माणसाचा हसरा चेहरा जगभर पोचला. हे गाव 58.5 अंश अक्षांशावर आहे. थंडी कडाक्याची, पण हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवशीही सूर्य सहा तासांच्या आसपास दिसतो. उन्हाळ्यात मासे, पक्षी, पक्ष्यांची अंडी, झुडपांवरची रानफळं मिळतात. इनुक्जुआकपासून ग्रीस फ्योर्डचं सरळ हवाई अंतर साधारण 2,000 किलोमीटर आहे. मुंबईहून गुवाहाटी जवळपास तेवढीच. आपण ‘उत्तर’ म्हणून सगळा बर्फ एकाच टोपलीत टाकतो. पण हा फरक कन्याकुमारी आणि हिमालयाच्या पायथ्याएवढा आहे.

हे स्थलांतर का झालं? कारणं दोन प्रकारची सांगितली जातात, आणि दोन्ही समजून घ्यायला हवीत.

पहिलं कारण प्रशासनाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर कोल्ह्याच्या कातडीचे भाव कोसळले. इनुइट कुटुंबांची रोख मिळकत त्यावर चालायची. सरकारी मदत वाढू लागली. अधिकाऱ्यांना वाटलं, इनुक्जुआकला माणसं जास्त आणि शिकार कमी झाली आहे. यांना जिथे शिकार मुबलक आहे तिथे नेलं तर ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहतील. या विचारात काही अधिकारी प्रामाणिक होते, हे नाकारायचं कारण नाही. आपण लोकांचं भलंच करत होतो, असं त्यांच्यातल्या काहींनी पुढेही सांगितलं.

दुसरं कारण नकाशाचं. शीतयुद्ध सुरू झालं होतं. रेझोल्यूट इथे 1947 साली कॅनडा आणि अमेरिकेने मिळून हवामान केंद्र उभारलं, पाठोपाठ धावपट्टी आणि हवाई दलाचा तळ आला. उत्तरेच्या बेटांवर अमेरिकन माणसांचा वावर वाढत होता. ग्रीनलंडचे शिकारी समुद्रावरच्या बर्फावरून येऊन एल्समेअर बेटावर शिकार करून जात होते. ही बेटं आपली आहेत असं कॅनडा म्हणत होता, पण त्यांवर राहणारा कॅनडाचा माणूस जवळजवळ कुणी नव्हता. होते ते एखाद्या चौकीतले पोलीस. तिथे कुटुंबं राहायला लागली, तर दावा पक्का होतो. पुढे या लोकांना ‘माणसांचे झेंडे’ म्हटलं गेलं ते यामुळे. या दोन कारणांपैकी कुठलं किती वजनाचं, यावर इतिहासकारांत वाद आहे. मला स्वतःला वाटतं, निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात ही दोन कारणं वेगवेगळ्या कप्प्यांत नसतातच. जे सोयीचं असतं ते परोपकाराचंही वाटू लागतं.

1953च्या जुलैअखेरीस ‘सी. डी. हाऊ’ हे सरकारी जहाज इनुक्जुआकला लागलं आणि काही कुटुंबं त्यात चढली. त्यांना सांगितलं होतं की तिकडे शिकार भरपूर आहे, आणि नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू. वाटेत उत्तर बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेटहून तीन कुटुंबं घेतली. त्यांना लांब काळोखाची सवय होती, नव्या लोकांना ती शिकवतील हा हेतू. पण त्यांची बोलीही वेगळी आणि रीतही वेगळी. 1955 साली आणखी कुटुंबं नेली. सगळी मिळून नव्वदच्या आसपास माणसं.

ही गोष्ट जिथे 385 किलोमीटरांवर येते, तिथे आता आपण पोचलो. जहाज महिनाभर चाललं. जहाजावरच्या लोकांचा समज असा, की आपण सगळे एकाच ठिकाणी जाणार. नातलग होते सगळे, भाऊ, काका, सासरे. एल्समेअर बेटाच्या दक्षिणेला क्रेग हार्बर इथे पोलीस चौकी होती. तिथे ऑगस्टच्या अखेरीला जहाज पोचलं, आणि त्या सुमारास त्यांना कळलं की सगळे एकत्र राहणार नाहीत. काही इथे उतरतील, बाकीचे दुसऱ्या जहाजातून पुढे रेझोल्यूटला जातील.

जॉन अमागोआलिक तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. हे पुढे इनुइट लोकांचे मोठे नेते झाले. 1999 साली नुनावुत हा इनुइट बहुसंख्येचा स्वतंत्र प्रदेश निर्माण झाला, त्याचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी मोठेपणी या प्रसंगाची आठवण जाहीरपणे सांगितली आहे. वाटणी होणार हे कळल्यावर जहाजावरच्या बायका रडायला लागल्या आणि त्यांचा आवाज ऐकून कुत्री विव्हळायला लागली. लहान मुलाच्या लक्षात नेमकं काय राहतं बघा. धोरण राहत नाही, कारण राहत नाही. कुत्र्यांचा आवाज राहतो.

पहिला हिवाळा त्यांनी तंबूत काढला. हिमघर बांधायला विशिष्ट प्रकारचं घट्ट बर्फ साचावं लागतं, ते सुरुवातीला मिळेना. ग्रीस फ्योर्डच्या लोकांना पोलीस चौकीपासूनही दूर, लिंडस्ट्रॉम द्वीपकल्पावर वस्ती करायला लावली. चौकीजवळ राहिले तर मदतीची सवय लागेल, ही भीती. रेझोल्यूटमध्ये हवाई तळ होता, गरम खोल्या होत्या, पण इनुइट वस्ती त्यापासून काही किलोमीटर लांब ठेवली आणि तळावरच्या लोकांशी मिसळायला मनाई केली. तळाच्या उकिरड्यावर टाकलेलं लाकूड आणि अन्न आणून आम्ही दिवस काढले, असं पुढे अनेकांनी साक्षीत सांगितलं. मस्क ऑक्स हा केसाळ प्राणी समोर चरत असायचा, पण त्याची शिकार कायद्याने बंद होती. आणि नोव्हेंबर आला तसा सूर्य गेला, तो फेब्रुवारीपर्यंत आला नाही. ज्यांनी असा काळोख कधी पाहिलाच नव्हता, त्यांना हे कसं वाटलं असेल याची कल्पना आपण इथे दिव्याखाली बसून करू शकत नाही.

मग दोन वर्षं झाली. लोक म्हणाले, आम्हाला परत जायचंय.

इथे मी थोडा माझ्या विषयाकडे वळतो, क्षमा करा. गणितात अंतराची जी व्याख्या करतात, तिच्यातली एक अट अशी : ‘अ’पासून ‘ब’पर्यंतचं अंतर आणि ‘ब’पासून ‘अ’पर्यंतचं अंतर समान असलं पाहिजे. आपल्याला ते इतकं उघड वाटतं की ती अट आहे हेही आपण विसरतो. आपल्या वैशेषिक दर्शनात मात्र या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिलं आहे. तिथे ‘परत्व’ आणि ‘अपरत्व’ म्हणजे दूरपण आणि जवळपण हे गुण मानले आहेत, आणि ते अपेक्षाबुद्धीवर अवलंबून असतात असं म्हटलं आहे. कुणीतरी एका ठिकाणी उभं राहून तुलना केल्याशिवाय ‘दूर’ या शब्दाला अर्थ येत नाही. दुसरी गंमत अशी की वैशेषिकांचं परत्व दोन प्रकारचं आहे, दिशेमुळे येणारं आणि काळामुळे येणारं. जागेतलं लांब आणि काळातलं लांब, दोन्हीला एकच शब्द.

ओटावातल्या कार्यालयात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने इनुक्जुआक आणि ग्रीस फ्योर्ड दोन्ही ‘वरती’ होती, दोन्हीकडे बर्फ, दोन्हीकडे तेच लोक. त्याच्या अपेक्षाबुद्धीला त्यांच्यात फार अंतर दिसलंच नाही. आणि परत जाण्याचा प्रश्न आला तेव्हा काय झालं? जायला सरकारी जहाज होतं, यायला नव्हतं. जातानाचं अंतर 2,000 किलोमीटर. परतीचं अंतर मोजायला किलोमीटर चालत नाहीत. परतीच्या विनंत्या टाळल्या गेल्या, नाकारल्या गेल्या. असं काही वचन दिलं होतं हेही पुढे सरकारी बाजू मान्य करीना. अखेर सरकारी खर्चाने 40 जण इनुक्जुआककडे परतले ते 1989 साली. दोन वर्षांची छत्तीस झाली. दिशेचं परत्व काळाचं परत्व झालं.

आणि ते परतणंही सरळ नव्हतं. तोवर उत्तरेत एक पिढी जन्मून मोठी झाली होती. त्यांचं गाव ग्रीस फ्योर्ड, त्यांची शिकारीची वाट तिथली, त्यांच्या मित्रांची घरं तिथली. आईवडील दक्षिणेला निघाले आणि मुलं मागे राहिली. एकदा तुटलेली घरं जोडायला गेले आणि ती दुसऱ्या जागी तुटली. म्हणून आज तिथे राहणाऱ्यांची फक्त कीव करणं मला योग्य वाटत नाही. ती त्यांची भूमी झाली आहे आणि तिच्यावर त्यांचं प्रेम आहे. अन्याय झाला होता आणि गाव आपलं झालं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

कुणी म्हणेल, हे लोक मुळात भटके, शिकारीमागे जाणारे. त्यांना इकडून तिकडे नेलं तर एवढं काय? या आक्षेपाला उत्तर द्यायला मी तुम्हाला शंभर वर्षं मागे नेतो. 1850च्या दशकात बॅफिन बेटावरचा कित्लार्सुआक नावाचा एक शामान आपली माणसं घेऊन उत्तरेकडे निघाला. कुत्र्यांच्या गाड्या, कयाक, मुलंबाळं. वाटेत हिवाळ्यांमागून हिवाळे काढत, काही माणसं परत फिरली त्यांना जाऊ देत, बाकीचे एल्समेअरच्या कडेने सामुद्रधुनी ओलांडून वायव्य ग्रीनलंडला पोचले. तिथल्या लोकांत कयाक आणि धनुष्यबाण यांची विद्या लोपली होती, ती या पाहुण्यांनी त्यांना पुन्हा दिली. सोयरिकी झाल्या. काही वर्षांनी कित्लार्सुआकला जन्मभूमी पुन्हा पाहावीशी वाटली. तो निघाला आणि वाटेत वारला. म्हणजे या लोकांना लांबचं अंतर नवं नव्हतं. पण त्या प्रवासात कुठे थांबायचं, कुणी मागे फिरायचं, कुणी कुणाबरोबर राहायचं हे चालणारे ठरवत होते. 1953 साली नेमकं तेवढंच त्यांच्या हातात नव्हतं.

त्या वायव्य ग्रीनलंडमध्ये आज कानाक नावाचं गाव आहे. तेही 1953 सालचंच. अमेरिकेच्या थुले हवाई तळाचा विस्तार करायचा म्हणून डेन्मार्कच्या प्रशासनाने तिथल्या इनुइट लोकांना मे महिन्यात अगदी थोड्या दिवसांच्या मुदतीत हलवलं आणि शंभरेक किलोमीटर उत्तरेला वसवलं. ग्रीस फ्योर्ड ते कानाक हवाई अंतर मी काढलं. ते येतं 360च्या आसपास. म्हणजे ग्रीस फ्योर्डला रेझोल्यूटपेक्षा परदेशातलं कानाक जवळ आहे. पण दोघांमध्ये नियमित विमान नाही. कित्लार्सुआकची माणसं जिथून कुत्र्यांच्या गाड्यांनी गेली, तिथे आज राष्ट्रांची सीमा आहे.

विमानाचा विषय निघालाच आहे. रेझोल्यूटला नेलेल्या मुलांत मार्कूसी पात्साउक नावाचा एक मुलगा होता, तेव्हा बारा वर्षांच्या आसपासचा. हा मुलगा पुढे वैमानिक झाला. व्यावसायिक परवाना मिळवणारा कॅनडातला पहिला इनुइट वैमानिक. रेझोल्यूटहून तो त्या बेटांवर विमानं उडवायचा. आणि हाच लेखकही झाला. त्याची ‘हार्पून ऑफ द हंटर’ ही शिकाऱ्याची कथा 1970 साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आली, आणि इनुइट साहित्यात तिचं स्थान फार वरचं आहे. ज्याला लहानपणी विचारल्याशिवाय जहाजात घातलं, तो मोठेपणी स्वतः दिशा धरून उडाला. पुढे तो इनुक्जुआकला परतला आणि 2020 साली तिथेच वारला.

तिथे विमान उडवणं सोपं नाही. त्या भागात साधं होकायंत्र भरवशाचं राहत नाही, दिशा खऱ्या उत्तरेवरून धरावी लागते. ग्रीस फ्योर्डची धावपट्टी खडीची, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची, शेजारी डोंगर. वारा फिरला की विमान उतरत नाही, आणि मग दीड तासाचं अंतर चार-चार दिवसांचं होतं. बाळंतपण आलं की बाईला काही आठवडे आधी गाव सोडून दूरच्या रुग्णालयाच्या गावी जाऊन राहावं लागतं.

आणि आज ग्रीस फ्योर्डच्या माणसाला नियमित विमानांनी इनुक्जुआकच्या आपल्या भावाला भेटायचं असेल तर? नेहमीचा मार्ग असा : ग्रीस फ्योर्डहून रेझोल्यूट, तिथून इकालुइत, तिथून थेट दक्षिणेला ओटावा, मग माँट्रियल, आणि माँट्रियलहून पुन्हा उत्तरेला इनुक्जुआक. मी टप्प्यांची बेरीज केली. साडेपाच हजार किलोमीटरच्या वर जाते. सरळ रेषा 2,000ची. कारण एक गाव नुनावुतमध्ये, दुसरं क्वेबेकमध्ये, आणि विमानांचे रस्ते राजधान्यांकडे जातात, भावांकडे नाही. तिकिटाचे पैसे तर विचारूच नका.

आता शेवटचा भाग. 1980च्या दशकात या लोकांनी दाद मागायला सुरुवात केली. सुरुवातीच्या एका सरकारी अहवालाने सगळं ठीक होतं असं म्हटलं. लोक थांबले नाहीत. मूलनिवासींच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने 1993 साली त्यांच्या साक्षी घेतल्या. म्हातारी माणसं उभी राहून बोलली. 1994च्या अहवालात कमिशनने त्यांची बाजू उचलून धरली, परत आणण्याचं वचन पाळलं गेलं नाही हे मान्य केलं. 1996 साली एक कोटी डॉलरचा विश्वस्त निधी मिळाला, पण माफी मिळाली नाही. ती मिळायला 18 ऑगस्ट 2010 उजाडला. मंत्री जॉन डंकन यांनी इनुक्जुआकला जाऊन कॅनडा सरकारच्या वतीने क्षमा मागितली. जहाज निघालं त्याला तोवर सत्तावन्न वर्षं झाली होती. नेलेल्यांपैकी अनेक जण ती ऐकायला उरले नव्हते.

त्याच वर्षी दोन्ही गावांत एकेक स्मारक उभं राहिलं. ग्रीस फ्योर्डचं लूटी पिजामिनी यांनी घडवलं, रेझोल्यूटचं सिमिओनी अमागोआलिक यांनी. ग्रीस फ्योर्डला एक बाई उभी आहे, जवळ लहान मुलगा आणि कुत्रा. ती रेझोल्यूटच्या दिशेने बघते. रेझोल्यूटला एकटा पुरुष उभा आहे. तो ग्रीस फ्योर्डच्या दिशेने बघतो. जहाजावर वाटणी झालेल्या घरांची ही आठवण.

दोघांच्या मध्ये 385 किलोमीटर आहेत. त्या दुपारी मी काढलेला आकडा बरोबरच होता, आजही तेवढाच येतो. फक्त तो कशामधला आकडा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

हे ऐकताना तुमच्यापैकी काहींना आपल्याकडची धरणग्रस्तांची गावं आठवली असतील. माझ्या वर्गात अशा वसाहतींतून आलेली मुलं असायची. जुनं गाव किती लांब, असं विचारलं की ती किलोमीटरमध्ये उत्तर द्यायची नाहीत. ‘आजोबांच्या वेळी होतं,’ असं म्हणायची. त्या वेळी मला वाटायचं, मुलाला प्रश्न कळला नाही. प्रश्न मला कळला नव्हता. तेव्हा एवढंच सांगून थांबतो, की कुणाला कुठे हलवायचा ठराव तुमच्यासमोर कधी आला, मग तुम्ही नगरसेवक असा, अभियंता असा की नुसते मतदार असा, तर जायचं अंतर किती हे विचाराच, पण त्याआधी विचारा की परतीची वाट कोणती आणि ती कुणाच्या हातात आहे. आणि कोण कोणाबरोबर राहणार हे ठरलंय का, ठरलं असेल तर ते कुणी ठरवलं.